ठिपके गेले तरी तांबं चालू ठेवा

'ठिपके गेले, आता औषध थांबवू ना?' खाऱ्या पाण्याचे मासे पाळणारे बहुतेक जण हा प्रश्न विचारतात, आणि विचारतात तो उपचाराच्या पहिल्याच आठवड्यात. नेमकं तेव्हाच थांबायचं नसतं.

पांढऱ्या ठिपक्यांचा हा रोग करणारा एकपेशीय परजीवी म्हणजे क्रिप्टोकॅरियॉन इरिटन्स. ब्लू टँग माशाच्या निळ्या अंगावर तो रव्याचे कण चिकटल्यासारखा दिसतो. पण असतो कातडीच्या आत, म्हणून पाण्यातलं औषध त्याच्यापर्यंत पोचत नाही. तीन ते सात दिवस माशावर पोसून तो आपणहून गळतो, वाळूत किंवा दगडावर चिकटतो, भोवती कवच करतो आणि आत विभागत राहतो. कवच फुटलं की शेकडो नवे जीव पोहत सुटतात. त्यांना एक-दोन दिवसांत मासा गाठावाच लागतो. यावरचं औषध, म्हणजे तांबं, मारतं ते एवढ्याच अवस्थेत. म्हणजे पहिले ठिपके औषधाने जातच नाहीत. औषध घातलं नसतं तरी ते गळलेच असते. त्या वेळी औषध थांबवलं, की पुढची फळी आधी कल्ल्यांवर उतरते आणि मासा पाण्याच्या वरच्या थरात धापा टाकू लागतो.

हे कवच फुटायला ७२ दिवसांपर्यंत लागल्याची नोंद आहे. म्हणून सगळे मासे वेगळ्या टाकीत हलवायचे, आणि मूळ टाकी अडीच महिने माशांविना चालू ठेवायची. एकच मासा आजारी दिसतो म्हणून एकालाच हलवण्यात अर्थ नाही. मुख्य टाकीत तांबं कधीच घालू नये. कोरल, कोळंबी, शंख त्याने मरतात. शिवाय प्रवाळाची वाळू आणि लाइव्ह रॉक तांबं शोषून घेतात, त्यामुळे मात्रा टिकत नाही. उपचाराची टाकी वाळू-दगडांविना हवी: काच, हीटर, हवेचा स्पंज फिल्टर आणि लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे. फिल्टरमधला कार्बन काढून ठेवायचा, तो तांबं ओढून घेतो.

मात्रा चुकली की मासे दगावतात. द्राक्षबागेच्या बोर्डो मिश्रणातलं मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, हेच यातलं जुनं औषध. मोरचुदात तांबं सुमारे पाव भाग असतं. लिटरला ०.२ मिलिग्रॅम तांबं हवं असेल, तर १०० लिटर पाण्याला मोरचूद लागतं फक्त ८० मिलिग्रॅम. हे स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजता येत नाही, आणि शेतीच्या दुकानातलं मोरचूद पुरेसं शुद्धही नसतं. बाटलीत मिळणारं चिलेटेड, म्हणजे दुसऱ्या रेणूत बांधलेलं, तांबं पाण्यात जास्त टिकतं, पण त्याच्या काही औषधांची मात्रा लिटरला दोन मिलिग्रॅमच्या आसपास असते, म्हणजे मोरचुदाच्या दहापट. म्हणून नुसता आकडा कोणी सांगितला तर आधी विचारा: कुठल्या तांब्याचा? एका औषधाचा आकडा दुसऱ्याला लावला, तर मासे एका रात्रीत जातात किंवा परजीवी मजेत जगतो.

मात्रा दोन-तीन दिवसांत हळूहळू चढवावी, रोज तपासावी आणि ती गाठल्यावर किमान तीन आठवडे एकदाही खाली येऊ देऊ नये. मी चार आठवडे ठेवतो. जेवढं पाणी बदलाल, तेवढ्याच पाण्याचं तांबं आधीच मिसळून घाला. तांब्याने फिल्टरमधले जिवाणू मंदावतात, त्यामुळे अमोनिया वाढतो. पण तो उतरवायला अमोनिया बांधणारी द्रव्यं ओतू नका. त्यांतली काही तांब्याचं रूप बदलून ते माशालाच विषारी करतात. पाणी बदला.

वेल्व्हेट, म्हणजे अमायलूडिनियम या परजीवीचा रोग, या पांढऱ्या ठिपक्यांहून भयंकर. बाजूने टॉर्च मारल्यावर अंगावर बारीक सोनेरी धूळ दिसते, आणि दोन-तीन दिवसांत टाकी रिकामी होऊ शकते. तिथे वाट पाहू नये, त्याच दिवशी उपचार सुरू करावा.

कोकणातल्या जांभ्याच्या विहिरींचं मऊ पाणी वापरणाऱ्या, गोड्या पाण्याचे मासे पाळणाऱ्यांनी मात्र तांब्याच्या वाटेला जाऊ नये. क्षारता लिटरला ५० मिलिग्रॅमच्या खाली असली की मोरचुदाची थोडी मात्राही मारक ठरते.

खाऱ्या पाण्याची टाकी मांडणार असाल, तर तांब्याचं टेस्ट किट आणि एक रिकामी टाकी पहिल्याच खरेदीत घ्या. ठिपके दिसल्यावर रविवारी रात्री दुकान उघडं नसतं.