एका मुलीचं स्टेशन

माझ्या हातून आजवर जे अर्ज लिहिले गेले, त्यांतला वाङ्मयीन दृष्ट्या सर्वांत सरस अर्ज मी गेल्या वर्षी एका बसच्या कचेरीसाठी लिहिला, आणि तो फाडावा लागला.

झालं होतं असं. आमच्या कॉलेजात आसपासच्या खेड्यांतून मुली येतात. त्यांची साडेपाचची गाडी एकाएकी पावणेपाचला सुटू लागली. पुढची रात्री आठला. माझा शेवटचा तास साडेचारचा. मी तुकाराम उघडावा, तो मागचे दोन बाक रिकामे! तुकोबा व्यवहार जाणणारे होते, त्यांनी मुलींना खुशाल जाऊ दिलं असतं; पण माझा जीव तुटे. त्यांतल्या एकीच्या वडिलांनी तर 'असंच अर्धवट शिकायचं तर कॉलेज पुरे' असं निर्वाणीचं सांगितलं होतं.

मी लेखणी सरसावली. 2016 सालच्या जानेवारीत जगभर फिरलेली ती जपानी गोष्ट आपणही ऐकली असेल: होक्काइदो बेटावर कामी-शिराताकी नावाचं ओसाड स्टेशन, उतारू एकच, शाळकरी मुलगी, आणि तिचं शिक्षण पुरं होईपर्यंत रेल्वेने केवळ तिच्यासाठी चालू ठेवलेल्या दोन गाड्या. 'जपान एका मुलीसाठी स्टेशन राखतो. आपण एका बिचारीसाठी पाऊण तास थांबू नये काय?' हे वाक्य लिहून मी स्वतःवरच खूष झालो. अर्ज सुवाच्य अक्षरात उतरवायला तिलाच दिला.

दुसऱ्या दिवशी ती कोरा कागद तसाच घेऊन आली.

"सर, ही गोष्ट खरी नाही."

मराठीच्या प्राध्यापकाला हे वाक्य ऐकायची सवय नसते. आमच्यात गोष्ट चांगली की वाईट, एवढंच विचारतात. पण तिने रात्रभर शोध घेतला होता. मग मीही घेतला.

त्या मार्गाचं नाव सेकिहोकु. शिन-आसाहिकावा ते आबाशिरी, 234 किलोमीटर. इशिकारी आणि कितामी या जुन्या प्रांतांच्या नावांतलं एकेक अक्षर उचलून केलेला हा समासच. डोंगरातला बोगदा होऊन 1932 साली मार्ग सलग झाला. वाटेत एन्गारू स्टेशनात गाडी चक्क उलटी फिरते. सरळ पुढे जाणारा फाटा 1989 साली बंद पडला, रूळांचं वळण मात्र तेच राहिलं. म्हणून एक्स्प्रेसमधले उतारू उठून आपापली आसनं फिरवून घेतात. (आमच्या सौ.ना ही गोष्ट सगळ्यांत आवडली.)

शिराताकी म्हणजे पांढरा धबधबा. 2016 पर्यंत त्या नावाची ओळीने चार स्टेशनं होती: वरचं, नुसतं, जुनं आणि खालचं. गोष्टीतलं कामी म्हणजे वरचं. तिथे खरोखरच येणारी-जाणारी एकेक गाडी थांबे. पण मुलगी तिथली नव्हतीच! ती चढे जुन्या शिराताकीला, लाकडी खोपटाएवढ्या स्टेशनावर. तिथून सकाळी एन्गारूकडे एक गाडी आणि परतीच्या तीन. त्या स्टेशनाची नेहमीची उतारू ती एकटी, हे खरं. पण त्याच गाडीने शाळेला जाणारी मुलं वाटेवरच्या स्टेशनांतून आणखीही चढत. उतारू नाहीत म्हणून स्टेशनं बंद करायचं 2015 सालीच ठरलं होतं. जपानात रेल्वेचं नवं वेळापत्रक मार्चात लागतं आणि शाळेचं वर्षही मार्चातच संपतं. 26 मार्च 2016 रोजी वरचं, जुनं, खालचं अशी तिन्ही स्टेशनं एकदम बंद झाली. त्याच दिवशी होक्काइदोत पहिली शिन्कान्सेन धावली. दोन तारखा शेजारी आल्या आणि जगाने त्यांचं लग्न लावून टाकलं.

आता कामिकावा सुटलं की 37.3 किलोमीटर स्टेशन नाही, थेट शिराताकी. म्हणजे चर्चगेटला बसावं आणि दहिसर मागे पडेपर्यंत कुठे उतरताच येऊ नये. त्याच वर्षी नोव्हेंबरात रेल्वे कंपनीने सुमारे निम्मे मार्ग आपल्या एकटीच्या बळावर चालवणं झेपत नाही, असं जाहीर केलं. त्यांत सेकिहोकुही होता.

"पण अर्जात घालायला काय हरकत आहे?" मी चाचरत म्हटलं. "त्या साहेबांना कुठे ठाऊक असणार!"

"त्यांना ठाऊक असलं तर आमची गाडी गेली, सर." मग खाली बघत म्हणाली, "आणि मला एकटीला बिचारी केलंत. आम्ही अकरा जणी आहोत."

मी अर्ज फाडला. नवा तिने लिहिला: सहा ओळी, गावांची नावं, तासाची वेळ, खाली अकरा सह्या. माझ्यासाठी एक विशेषणही शिल्लक ठेवलं नाही. कचेरीत तो घेतला, शिक्का मारला, पोच दिली. उत्तर महिनाभर आलं नाही.

तेव्हा तीच पुन्हा दाराशी आली. "सर, गाडी हलत नाही. तुमचा तास हलेल का?"

खरं सांगतो, हे मला सुचलंच नव्हतं. वेळापत्रक-समितीत दोन चहा आणि एक भांडण झालं. इतिहासवाल्या मित्राने आपला बाराचा तास सोडला, तो अजून ते ऐकवतो. तुकाराम आता ऐन भुकेच्या वेळी होतो. मागचे दोन बाक भरलेले असतात. डबे मात्र तासातच उघडतात.