पांजरपोळापासून उंबरठ्यापर्यंत

मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर भायखळा आणि करी रोड यांच्यामध्ये चिंचपोकळी हे छोटेखानी स्थानक आहे. जलद गाड्या येथे थांबत नाहीत, आणि नावातली चिंच आता शोधावीच लागते. स्थानकाच्या पुलावरून पूर्वेला उतरले की डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्ग आणि लालबाग-काळाचौकीची वस्ती लागते. पश्चिमेला उतरले की साने गुरुजी मार्ग सात रस्त्याच्या दिशेने जातो. जुनी मंडळी त्याला अजूनही आर्थर रोडच म्हणतात. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे एकेक करून मूक झाले आणि चाळींच्या शेजारी उंच इमारती उभ्या राहिल्या. तरीही १९२० पासून चालत आलेला चिंतामणीचा गणेशोत्सव, लालबागच्या मसाल्याच्या व चिवड्याच्या गल्ल्या आणि कच्छी-मारवाडी व्यापाऱ्यांची धान्याची दुकाने यांनी या भागाची ओळख टिकवून ठेवली आहे.

या वस्तीत अलीकडे आणखी एक दृश्य रुळू लागले आहे. भल्या सकाळी, रहदारी वाढण्यापूर्वी, एखादी गृहिणी किंवा निवृत्त आजोबा हाती पट्टा धरून फिरताना दिसतात. पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला परदेशी जातीचे महागडे कुत्रे नसते. तांबूस रंगाचा, उभ्या कानांचा, कानाला नसबंदीची खाच असलेला साधा देशी कुत्रा असतो. कधीकाळी याच रस्त्यावर गाड्यांखालून वाचलेला. जीवदयेसाठी पिढ्यान्‌पिढ्या पावती फाडणाऱ्या समाजाच्या काही घरांत आता तो जीव स्वतः राहायला आला आहे. हा बदल वरवर दिसतो तेवढा लहान नाही. पांजरपोळाला दिलेले दान एका क्षणात पूर्ण होते. घरात आणलेल्या जिवाचे दान बारा-चौदा वर्षे रोज द्यावे लागते.

मोतीशा शेठांचा वारसा

चिंचपोकळीच्या दक्षिणेस, भायखळ्याला, मोतीशा शेठांनी उभारलेले आदिनाथाचे प्रसिद्ध देरासर आहे. मोतीशा, म्हणजे शेठ मोतीचंद अमीचंद, हे नाव मुंबईच्या मुक्या जिवांच्या इतिहासातही तितकेच ठळक आहे.

१८३२ साली कंपनी सरकारच्या अमदानीत मुंबईतील बेवारशी कुत्री मारण्याची मोहीम जोरात सुरू झाली. मारलेल्या कुत्र्यामागे बक्षीस मिळत असल्याने मारेकरी घरांच्या आवारात शिरू लागले. पारशी धर्मात कुत्र्याला विशेष स्थान आहे. ६ जून १८३२ रोजी कोटातील पारशी समाजाने याविरुद्ध उठाव केला. हिंदू आणि जैनही त्यांच्या बाजूने उभे राहिले. दुकाने बंद झाली, लष्कर बोलवावे लागले. शहराच्या इतिहासात ही घटना कुत्र्यांची दंगल म्हणून नोंदली गेली. संताप शमल्यावर प्रश्न उरला तो असा, की मारायचे नाही तर या जिवांना ठेवायचे कोठे? त्याचे उत्तर १८३४ मध्ये मिळाले. सर जमशेटजी जीजीभाई आणि मोतीशा शेठ यांच्या पुढाकाराने भुलेश्वरला मुंबई पांजरपोळ सुरू झाला. एक पारशी आणि एक जैन, दोघेही व्यापारी. व्यापाऱ्याच्या करुणेला हिशेबाची शिस्त असते. म्हणूनच ही संस्था भावनेच्या लाटेबरोबर ओसरली नाही आणि आजही भुलेश्वरच्या दाट वस्तीत गाईगुरे सांभाळून आहे.

बैलघोडा रुग्णालयाचा रस्ता

चिंचपोकळीहून आंबेडकर मार्गाने उत्तरेस निघाले की लालबाग आणि भारतमाता चित्रपटगृह मागे टाकून परळला आचार्य दोंदे मार्ग लागतो. माणसांसाठीच्या मोठमोठ्या रुग्णालयांच्या या रस्त्यावर एक आवार केवळ प्राण्यांचे आहे. त्याचे पूर्ण नाव बाई साकरबाई दिनशा पेटिट प्राण्यांचे रुग्णालय. गिरणगावाने मात्र त्याला ‘बैलघोडा हॉस्पिटल’ असे सुटसुटीत नाव दिले.

हे नाव त्या काळाचे चित्र उभे करते. मुंबईत प्राण्यांवरील क्रौर्याला प्रतिबंध करणारी संस्था १८७४ साली स्थापन झाली, आणि त्याच वर्षी शहरात घोड्यांनी ओढायची ट्रामही सुरू झाली. कापसाचे गठ्ठे बैलगाड्यांतून वाहिले जात होते. खांदे सोललेले बैल आणि रस्त्यात कोसळलेले घोडे हे नेहमीचे दृश्य होते. गिरणीमालक दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून १८८३ साली रुग्णालय आकारास आले आणि त्यांच्या पत्नीचे नाव त्याला मिळाले. १८८६ साली याच आवारात मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. जवळच हाफकिन संस्था आहे. प्लेगच्या लसीसाठी नावाजलेल्या या संस्थेत पुढे पिसाळण्याच्या रोगावरील लसही तयार होऊ लागली. कुत्रा आणि माणूस यांच्यातील भीतीचे मूळ तो रोग होता. त्यावरील लस आणि प्राण्यांचा दवाखाना एकाच रस्त्यावर असावेत, हा योग बोलका आहे.

काळ पालटला. बैल-घोडे ओसरले आणि त्यांच्या जागी गाडीखाली सापडलेली पिल्ले, आजारी मांजरे, आणि दर जानेवारीत संक्रांतीच्या मांजाने पंख कापलेले पक्षी येऊ लागले. दुसऱ्या दिशेने, साने गुरुजी मार्ग जेथे संपतो त्या सात रस्त्याच्या चौकाला, मुक्या प्राण्यांना अभय द्या असे सांगत गावोगाव हिंडलेल्या संत गाडगे महाराजांचे नाव आहे. तेथून पुढे महालक्ष्मीला २०२४ मध्ये टाटा न्यासांचे लहान प्राण्यांसाठीचे अद्ययावत रुग्णालय उघडले. रतन टाटा यांनी आपल्या एका लाडक्या कुत्र्याचे नाव ‘गोवा’ ठेवले होते. तो गोव्याहून आलेला रस्त्यावरचा कुत्रा होता. २०१८ साली नूतनीकरण झालेल्या बॉम्बे हाऊसमध्ये परिसरातील भटक्या कुत्र्यांसाठी खास खोली राखली गेली. उद्योगसमूहाच्या मुख्यालयात जो जीव सामावतो, तो दोन खोल्यांच्या घरातही सामावू शकतो, हे मुंबईने पाहिले.

दुकानातले मांजर आणि घरातला जीव

व्यापारी कुटुंबांना प्राणी नवे नाहीत. धान्याच्या दुकानात उंदरांच्या बंदोबस्तासाठी मांजर आणि गोदामावर राखणीसाठी कुत्रा ही जुनी रीत. तेथे नाते उपयोगाचे होते. श्रावकाचार याच ठिकाणी सावध करतो. श्रावकाला वर्ज्य असलेल्या पंधरा कर्मादानांपैकी एक ‘असतीपोषण’. बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी ‘योगशास्त्रा’त त्याचे विवरण करताना मैना, पोपट, मांजर, कुत्रा, कोंबडा, मोर यांचे धनासाठी केलेले पोषण असा अर्थ दिला आहे. ‘कुत्रा-मांजर पाळणे आपल्यात बसत नाही’ असे घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, त्यामागे ही परंपराही असते. पण आचार्यांच्या विवरणातील ‘धनासाठी’ हा शब्द निर्णायक आहे. पिल्लांची पैदास करून ती विकणे, आणि ती विकत घेऊन त्या धंद्याला आधार देणे, हे त्या निषेधाच्या जवळ जाते. रस्त्यावर जखमी पडलेल्या, कोणी टाकून दिलेल्या जिवाला विनामोबदला आसरा देणे ही गोष्टच निराळी. पोपटाच्या बाबतीत तर देशाचा कायदाही स्पष्ट आहे : वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार भारतीय पोपट पिंजऱ्यात ठेवणे गुन्हा आहे.

जीव घरी आणल्यावर कसे वागावे, याचेही मार्गदर्शन परंपरेतच आहे. अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार म्हणजे बंध, वध, छविच्छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. बांधून ठेवणे, मारणे, अवयव छेदणे, शक्तीबाहेर ओझे लादणे, अन्नपाणी तोडणे. हे पाचही दोष मुख्यतः आश्रित जिवांच्या संदर्भातले आहेत. प्राणी बांधावाच लागला तर गाठ अशी सैल असावी की आग लागल्यास ती चटकन सुटेल, इतका बारीक विचार जुन्या टीकाकारांनी केला आहे. दिवसभर गॅलरीत साखळीने जखडलेला कुत्रा पोटभर खात असला, तरी तो जीवदयेचा नमुना ठरत नाही.

नित्याचा दिनक्रम

दत्तक आलेला प्राणी पहिल्या दिवशी क्वचितच शेपूट हलवतो. तो पलंगाखाली शिरतो, खात नाही, कुकरच्या शिट्टीने दचकतो. ज्याने माणसाची लाथ अनुभवली आहे, त्याला उचललेला हात प्रेमाचा आहे हे कळायला वेळ लागतो. पहिले तीन दिवस भीतीचे, तीन आठवडे ओळखीचे आणि तीन महिने घर आपले वाटण्याचे, असा ढोबळ हिशेब प्राण्यांना घरे मिळवून देणारे कार्यकर्ते सांगतात. या काळात लहान मुलांना शिकवावे लागते की झोपलेल्या प्राण्याला हात लावू नये आणि खाताना त्याच्या भांड्याजवळ जाऊ नये. अनेक घरांत मुलांचा संयमाचा पहिला पाठ येथेच होतो.

आहाराचा प्रश्न शाकाहारी कुटुंबाला सर्वांत आधी पडतो. कुत्रा पशुवैद्याच्या सल्ल्याने आखलेल्या शाकाहारावर निरोगी राहू शकतो. कांदा आणि लसूण कुत्र्या-मांजरांना विषारी असतात. जैन स्वयंपाकघरात हा धोका मुळातच नाही. मात्र द्राक्षे, मनुका आणि चॉकलेटही कुत्र्याला घातक आहेत, आणि सुकामेव्याचे डबे तर प्रत्येक घरात असतात. दूध बहुतेक मोठ्या कुत्र्या-मांजरांना पचत नाही. रात्रीभोजन वर्ज्य असलेल्या घरात प्राण्याचे जेवणही सूर्यास्तापूर्वी उरकता येते; पाण्याचे भांडे मात्र अहोरात्र भरलेले हवे.

मांजराबाबत प्रामाणिक राहावे लागते. मांजराचे शरीर मांसाहारावरच घडलेले आहे. टॉरिनसारखे आवश्यक घटक न मिळाल्यास त्याची दृष्टी आणि हृदय दोन्ही बिघडतात. त्याच्यावर निव्वळ शाकाहार लादणे हाही एक प्रकारचा अन्ननिरोधच. ज्या घराला मांसयुक्त खाद्य आत आणणे मान्य नाही, त्याने मांजर आणू नये. त्याच्या उपचाराचा खर्च उचलावा, त्याला योग्य घर शोधून द्यावे. ही माघार मानण्याचे कारण नाही.

दुसरा कठीण प्रश्न नसबंदीचा. हा छविच्छेद नव्हे काय, अशी शंका श्रावकांच्या मनात येते आणि ती झटकून टाकण्याजोगी नाही. तिच्या समोर रस्त्यावरचे वास्तव ठेवावे लागते. एक कुत्री वर्षातून दोनदा विते, आणि तिची बहुतेक पिल्ले भूक, रोग किंवा चाके यांना बळी पडतात. अतिचार क्रोध, लोभ वा निष्काळजीपणातून घडतो. भूल देऊन, वेदना टाळून, पुढील यातना रोखण्यासाठी केलेली शस्त्रक्रिया त्याच मापाने मोजावी काय, याचा निर्णय प्रत्येक कुटुंब आपल्या गुरुजनांना विचारून घेते. दत्तक देताना बहुतेक संस्था नसबंदीची अट घालतात, हे मात्र आधीच ठाऊक असावे.

शेजार, सण आणि अखेरचे दिवस

चाळीत आणि सोसायटीत प्राणी पाळणे म्हणजे शेजाऱ्यांनाही सांभाळणे. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ साली स्पष्ट केले आहे की बहुमताचा ठराव करूनही सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही. तथापि कायद्याच्या कागदापेक्षा स्वच्छ जिना आणि वेळेवर टोचलेली पिसाळीची लस शेजाऱ्यांना अधिक पटते. फिरवताना घाण उचलण्यासाठी कागद जवळ ठेवणे ही या धर्माची साधी समिती आहे.

चिंतामणीच्या आगमनाच्या दिवशी ढोलताशांनी चिंचपोकळी दणाणून जाते. कुत्र्याचे कान माणसापेक्षा कितीतरी तीक्ष्ण. त्या दिवशी आणि दिवाळीत खिडक्या लावून कोणीतरी त्याच्याजवळ बसावे लागते. कुटुंब पालिताण्याला वा गावी निघाले तर मागे त्याचे कोण पाहणार, हेही त्याला आणण्यापूर्वी ठरवायचे असते.

आणि शेवटी म्हातारपण येते. डोळे अधू होतात, मागचे पाय धरत नाहीत. पशुवैद्य कधी सुखमरणाचा पर्याय सुचवतो आणि घर स्तब्ध होते. अहिंसेवर वाढलेल्या कुटुंबाला तो पर्याय स्वीकारता येत नाही. मग वेदनाशामक औषधे, अंथरूण बदलणे, कूस वळवणे, चमच्याने पाणी पाजणे हे सारे अंगावर घ्यावे लागते. जीवंधरकुमाराने मरणासन्न कुत्र्याला णमोकार मंत्र ऐकवला आणि तो जीव सुदर्शन नावाचा यक्ष झाला, ही कथा अनेक घरांत सांगितली जाते. कथेतील कुमार कुत्र्यापाशी थोडाच वेळ थांबला होता. चिंचपोकळीच्या घरांतील माणसे रात्रीमागून रात्र त्या अंथरुणाशी बसतात, आणि सकाळी दुकान उघडण्यापूर्वी त्याचे पाण्याचे भांडे भरून ठेवतात.