तळव्याकडे फिरवलेला खडा

माझा साखरपुडा झाला तेव्हा मी नर्सिंगच्या जीएनएम कोर्सच्या दुसऱ्या वर्षाला होते. रविवारी साखरपुडा आणि मंगळवारी सकाळी स्त्रियांच्या मेडिकल वॉर्डात पोस्टिंग. निघताना मी हिरव्या बांगड्या उतरवल्या. आई म्हणाली, "अंगठी तरी राहू दे गं. शकुनाची असते ती." खरं सांगायचं तर मलाही ती काढवत नव्हती.

वॉर्डात शिरण्याआधी ट्यूटर मॅडम रोज तपासणी करायच्या. अंबाडा आणि त्यावर जाळी, बंद बूट, कोपराखाली काहीही नाही. घड्याळ युनिफॉर्मला पिनेने लावलेलं हवं, आणि त्याला सेकंदकाटा हवाच, कारण नाडी मोजायची असते. तळवा आपल्याकडे करून बघितल्यावर बोटाच्या टोकावरून नख डोकावलं, तर ते तिथल्या तिथे कापायचं. तपासणीपुरती मी अंगठी खिशात टाकली. मॅडम पुढे गेल्यावर, हरवेल या भीतीने ती पुन्हा बोटात घातली आणि खडा तळव्याकडे फिरवला. वरून नुसतं वळं दिसत होतं.

मला एका आजींचं स्पंजिंग दिलं होतं. त्यांना जुना दमा होता. बरीच वर्षं स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्याने हातांची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झाली होती आणि जागोजागी जांभळे डाग होते. इन्चार्ज सिस्टरांनी सकाळीच बजावलं होतं, "यांना हाताला धरून ओढायचं नाही. खाली चादर घालून दोघींनी वळवायचं."

पाठ पुसायला मी आणि माझी मैत्रीण त्यांना कुशीवर वळवत होतो. त्या थोड्या घसरल्या. मी घाबरून त्यांचा हात पकडला. हात सोडला तेव्हा मनगटाच्या वर दोन बोटं रुंद कातडी सोलून मागे दुमडली गेली होती. खडा तिथेच अडकला होता.

"काय झालं गं बाई?" आजींनी विचारलं. मी म्हणाले, "काही नाही आजी." माझ्या मनात पहिला विचार आजींचा आला नाही. अंगठी कुणी बघितली का, हा आला. मी जखमेवर कापूस दाबला, तर तो चिकटून बसला. पाचेक मिनिटं तशीच गेली. मैत्रीण हळूच म्हणाली, "सांग. नाहीतर मी सांगते." मग मी सिस्टरांकडे गेले आणि अंगठीसकट सगळं सांगितलं.

त्यांनी आधी जखम बघितली. सलाईनने भिजवून कापूस सोडवला. सोललेली कातडी कापून टाकली नाही. ओल्या बोळ्याने हलक्या हाताने सरकवत ती पुन्हा जागेवर बसवली. वर न चिकटणारी पट्टी ठेवली. चिकटपट्टी कातडीला लावली नाही, नुसतं बँडेज गुंडाळलं. मग बँडेजवर पेनने एक बाण काढला. पुढचं ड्रेसिंग सोडणाऱ्याने त्याच दिशेने सोडायचं, म्हणजे बसवलेली कातडी पुन्हा उचलली जात नाही. हे मी तोवर कुठे वाचलं नव्हतं. नंतर डॉक्टरांना कळवलं, केसपेपरवर वेळ घालून नोंद केली आणि आजींच्या मुलाला बोलावलं.

मुलाला सांगायचं काम मॅडमनी मलाच दिलं. त्या शेजारी उभ्या राहिल्या. तो चिडला, आणि त्याचं बरोबर होतं. मी आजींचीही माफी मागितली. "काही नाही" म्हटलं होतं, त्याची वेगळी मागितली.

त्या दिवशी मॅडम ओरडल्या नाहीत. त्यांनी मला बेसिनपाशी नेलं आणि अंगठीसकट साबणाने हात धुवायला लावले, पूर्ण ४० सेकंद. मग अंगठी काढायला सांगितली. खालची कातडी बुळबुळीत होती, तिथला साबण निघालाच नव्हता. व्हिएन्नात १८४७ मध्ये डॉ. सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू घटले, हे मी पहिल्या वर्षी परीक्षेसाठी पाठ केलं होतं. पण आपल्या बोटातल्या अंगठीचा त्याच्याशी संबंध आहे, हे बेसिनपाशी उभं राहिल्यावर कळलं.

संध्याकाळी होणाऱ्या सासूबाईंना फोन केला. बोलताना रडू आलं. त्या म्हणाल्या, "अगं, देवघरात डबीत ठेव आणि जा. आल्यावर घाल." इतकं सोपं होतं. मी आधी विचारलंच नव्हतं.

त्यानंतर मी काही गोष्टी ठरवून टाकल्या. नखं रविवारी रात्री कापायची. गजरा किंवा सेंट वॉर्डात न्यायचा नाही, दम्याच्या पेशंटला वासाने धाप लागू शकते. एक जादा युनिफॉर्म पिशवीत ठेवायचा. आणि काही चुकलं तर जखम झाकण्याआधी सिस्टरांना हाक मारायची.

आजींची जखम भरायला तीन आठवडे लागले. तोवर त्या घरी गेल्या होत्या. ओपीडीत ड्रेसिंगला आल्या तेव्हा माझ्या मोकळ्या बोटाकडे बघून त्यांनी विचारलं, "लग्न कधी गं तुझं?"

तुमच्या घरातली मुलगी किंवा सून पोस्टिंगला जात असेल, तर शकुनाचं तिच्या मनावर ओझं ठेवू नका. अंगठी काढून ठेव, असं तुम्हीच तिला सांगा.