नदीकाठच्या मेजाचे मोल

पोर्तुगालच्या उत्तर भागातील पोर्तो हे शहर दोरू नदीच्या उजव्या तीरावर, डोंगराच्या उतरणीवर वसलेले आहे. वरून उतरत येणाऱ्या अरुंद गल्ल्या ज्या घाटावर येऊन थांबतात, त्याचे नाव रिबेरा. नदीला लागून दगडी फरसबंदी, तिच्यामागे चार-पाच मजल्यांच्या चिंचोळ्या घरांची रांग आणि तळमजल्याला जुन्या दगडी कमानी. या कमानींतून बाहेर येऊन पाण्याच्या दिशेने पसरलेली मेजे, खुर्च्या व छत्र्या हेच आज या घाटाचे मुख्य दृश्य आहे. उघड्यावरील अशा बैठकीला पोर्तुगीज भाषेत ‘एश्प्लानादा’ म्हणतात. संध्याकाळी तिथे बसलेल्या प्रवाशाला समोर नदी, पलीकडे गाया गावातील मद्याच्या वखारींची कौलारू छपरे आणि डावीकडे दों लुईश पुलाची लोखंडी कमान दिसते. हा दुमजली पूल १८८६ साली खुला झाला. त्याच्या वरच्या मजल्यावरून आज मेट्रो धावते, खालून मोटारी व पादचारी जातात.

आज जिथे थाळ्या मांडल्या जातात, तिथे एके काळी गाठोडी व पिंपे उतरत असत. घाटालगतच्या एका रस्त्याचे नावच ‘व्यापाऱ्यांचा रस्ता’ असे आहे, आणि तटबंदीच्या एका भागाला सुक्या कॉड माशाच्या व्यापाऱ्यांचे नाव लागलेले आहे. जवळच मध्ययुगीन जकातघराची इमारत उभी आहे. थोडे वर गेले की व्यापारी संघाचा ‘बोल्सा’ प्रासाद लागतो. १८३२ च्या आगीत जळालेल्या मठाची जागा व्यापाऱ्यांना मिळाली आणि १८४२ मध्ये त्यांनी या वास्तूची उभारणी सुरू केली. व्यापारविषयक तंट्यांचे निवाडे करण्यासाठी तिच्यात स्वतंत्र दालन होते.

मात्र दोरूच्या मुखाशी वाळूचा बांध साचत असे आणि मोठ्या जहाजांना आत येणे धोक्याचे होई. म्हणून १८८४ ते १८९२ या काळात समुद्रकिनारी लेइशोंइश बंदर बांधण्यात आले. हळूहळू माल तिकडे गेला, घाट ओस पडू लागला आणि त्यामागची घरे जीर्ण झाली. १९९६ मध्ये युनेस्कोने जुन्या शहराला जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यानंतरच्या काळात प्रवासी वाढत गेले आणि घाटाला नवा धंदा सापडला. पूर्वी येथे मालाची किंमत ठरत असे, आता बसण्याच्या जागेची ठरते.

ही किंमत पाहू इच्छिणाऱ्याने दरपत्रक लक्षपूर्वक वाचावे. पोर्तुगालमधील अनेक कॅफेंत एकाच कॉफीपुढे तीन दर लिहिलेले आढळतात: फळीशी उभे राहून पिण्याचा, आत मेजावर बसण्याचा आणि बाहेर एश्प्लानादावर बसण्याचा. तिसरा दर सर्वांत अधिक. पेला तोच, कॉफी तीच. फरक असतो तो केवळ जागेचा. बाहेरची फरसबंदी सार्वजनिक असल्याने दुकानदाराला नगरपालिकेची परवानगी घ्यावी लागते व शुल्क भरावे लागते. लावलेल्या दरात कर अंतर्भूत असतो, त्यामुळे बिलाच्या तळाशी नवा आकडा उगवत नाही.

नवख्या प्रवाशाची गफलत होते ती दुसऱ्याच ठिकाणी. खुर्चीवर बसताच सेवक पाव, ऑलिव्ह, लोणी किंवा चीज आणून ठेवतो. त्याला ‘कुव्हेर’ म्हणतात. ते आदरातिथ्य वाटते, परंतु त्याचा दर पत्रकात असतो आणि खाल्ले की बिलात चढतो. ग्राहकाने न मागितलेल्या व न वापरलेल्या पदार्थाचे पैसे घेता येत नाहीत, असा तेथील कायदा आहे. म्हणून नको असल्यास हात न लावता ‘नको’ म्हणावे. त्यात संकोच करण्याचे कारण नाही.

मराठी कुटुंबाला त्या पत्रकातील काही शब्द ओळखीचे वाटतील. पाव, कोबी, बटाटा, चावी, पगार, लिलाव हे शब्द गोवा, वसई व चौलच्या वाटेने पोर्तुगीजांकडूनच मराठीत आले. मात्र जैन आहार पाळणाऱ्याला या ओळखीवर विसंबता येत नाही. ‘काल्दू वेर्द’ हे हिरव्या पानांचे प्रसिद्ध सार नावाने निरुपद्रवी असले, तरी त्यात बटाटा घोटलेला असतो आणि वर सॉसेजची चकती घालतात. बहुतेक भाज्यांची सुरुवात ऑलिव्ह तेलात परतलेल्या कांदा-लसणाने होते, आणि मठांच्या परंपरेतून आलेल्या मिठाया अंड्याच्या बलकावर उभ्या आहेत. ‘सें ओवुश’ म्हणजे अंड्याविना, ‘सें सिबोला’ म्हणजे कांद्याविना, ‘सें आल्यू’ म्हणजे लसणाविना. हे शब्द कागदावर लिहून सेवकाच्या हाती देणे उत्तम. चीजविषयीही विचारावे. सेरा दा एश्त्रेला हे नामांकित चीज एका काटेरी वनस्पतीच्या फुलांनी विरजतात, पण इतर अनेक प्रकारांत प्राणिज रेनेट असते. ज्यांना मिश्र स्वयंपाकघरातील अन्नच नको, त्यांनी बोल्याउं मंडईतून फळे घ्यावीत आणि घाटावर केवळ संत्र्याचा ताजा रस मागवावा. ही मंडई नूतनीकरणानंतर २०२२ मध्ये पुन्हा उघडली.

सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्यांनी ऋतूही पाहावा. जूनमध्ये पोर्तोत सूर्य रात्री ९ नंतर मावळतो. रात्रीच्या भोजनासाठी स्वयंपाकघरे ७ च्या सुमारास उघडतात, म्हणजे नियम सांभाळूनही नदीकाठी स्वस्थपणे बसता येते. डिसेंबरात मात्र ५ वाजून गेले की लगेच सूर्यास्त होतो, आणि पारंपरिक उपाहारगृहांतील चुली दुपारी ३ पासून संध्याकाळपर्यंत बंद असतात. तेव्हा दुपारचे जेवणच दिवसाचे शेवटचे भोजन समजावे.

या मेजांच्या पायाखाली शहराच्या दुःखाचे थरही आहेत. पुलाजवळ भिंतीत एक कांस्यफलक आहे. २९ मार्च १८०९ रोजी फ्रेंच सैन्य शहरात घुसले तेव्हा पळणाऱ्या लोकांच्या गर्दीने नावांचा पूल कोसळला आणि असंख्य माणसे नदीत बुडाली, त्यांची ती स्मृती. आजही कोणी ना कोणी तिथे मेणबत्ती लावून जातो. डिसेंबर १९०९ च्या महापुरात पाणी दों लुईश पुलाच्या खालच्या मजल्याला टेकण्याच्या बेतात आले होते. पुढे नदीवर धरणे झाली, तरी हिवाळ्यात पुराची सूचना मिळाली की तळमजल्याचे व्यावसायिक खुर्च्या आत घेतात, सामान वर चढवतात आणि पाण्याकडे डोळे लावून बसतात. उन्हाळ्याची कमाई पाहणाऱ्याने हा हिवाळाही हिशेबात धरावा.

हिशेबाची आणखी एक बाजू दरपत्रकात लिहिलेली नसते. मेजे वाढली तसे वरच्या मजल्यांचे मोलही वाढले. अनेक घरे प्रवाशांना चार-आठ दिवसांसाठी भाड्याने दिली जाऊ लागली आणि पिढ्यान्‌पिढ्या राहणारी कुटुंबे उपनगरांत गेली. पलीकडच्या गायाच्या घाटावरही हेच चित्र दिसते. वरच्या खोऱ्यातून मद्याची पिंपे आणणाऱ्या ‘राबेलो’ नावा आता कंपन्यांची नावे मिरवीत एका जागी बांधलेल्या असतात. शहराला रोजगार मिळाला, पडकी घरे सावरली, हे खरे आहे. ज्यांच्या घरांसमोर ही शोभा आहे त्यांनाच तिथे राहणे परवडत नाही, हेही तितकेच खरे आहे. बाजारपेठेत वाढलेल्या माणसाला हा तिढा समजावून सांगावा लागत नाही.

सूर्य कलला की समुद्राकडून गार वारा सुटतो आणि छत्र्या मिटल्या जातात. अशा वेळी खुर्चीवर बसलेल्याने नदीकडे पाठ फिरवून क्षणभर वर पाहावे. रंगीत भिंतींच्या त्या रांगेत कुठे कुठे दोरीवर कपडे वाळत असतात. ज्या खिडकीखाली कपडे आहेत, त्या घरात अजून कोणीतरी राहते.