आमै शिरलेले घर

ऑलिव्ह रिडले कासवाची मादी वाळूवर फार तर तासभर असते. भरतीच्या रेषेवर सरपटत येते, मागच्या वल्ह्यांसारख्या पायांनी दीडेक फूट खोल, तळाशी फुगीर असा मडक्याच्या घाटाचा खड्डा करते, त्यात शंभर-सव्वाशे अंडी सोडते, वाळू लोटते आणि मग सगळे अंग डावी-उजवीकडे आपटून ती चोपते. एवढे झाले की पाण्यात. पंचेचाळीस ते साठ दिवसांनी पिल्ले वर येतात तेव्हा ती तिथे नसते. चेन्नईच्या किनाऱ्यावर हे साधारण जानेवारीपासून मार्च-एप्रिलपर्यंत, रात्रीचे चालते आणि तिच्या मागावर माणसेही चालतात.

या चालण्याची सुरुवात १९७०च्या दशकाच्या पूर्वार्धात मद्रास स्नेक पार्कचे रोम्युलस व्हिटेकर आणि त्यांच्या तरुण साथीदारांनी केली. १९८८ पासून स्टुडंट्स सी टर्टल कॉन्झर्वेशन नेटवर्क या विद्यार्थी-गटाने ती पुढे नेली. नीलांकरै ते बेझंट नगर हा त्यांचा सातेक किलोमीटरचा जुना पट्टा. चालणारे बहुतेक शहराच्या पोटातले, कॉलेजातले किंवा नोकरीतले. अण्णा नगरसारख्या वस्तीतून नीलांकरै वीसेक किलोमीटरवर. रात्री घराबाहेर पडणाऱ्या अशा मुलाला किंवा मुलीला घरातले कोणी थांबवायचेच ठरवले, तर तमिळमध्ये त्यासाठी म्हण तयार आहे.

आमै शिरलेले घर आणि अमीना शिरलेले घर वर येत नाही, अशी ती म्हण. आमै म्हणजे कासव. अमीना म्हणजे जप्तीचा हुकूम घेऊन येणारा कोर्टाचा बेलीफ. मराठीतल्या अमीनाचा हा दक्षिणेकडचा भाऊ. अमीना घरातली भांडीकुंडी मोजून नेतो, हे कळते. कासव काय नेते? एक उलगडा असा देतात की समुद्राकाठच्या घरात कासव शिरले, म्हणजे त्याच्या पाठोपाठ पाणीही येणार. दुसरा उलगडा व्याकरणाचा. तमिळमध्ये ‘आमै’ हा नकाराचा प्रत्ययही आहे: कल्लामै म्हणजे न शिकणे, मुयलामै म्हणजे खटपट न करणे, पोरामै म्हणजे दुसऱ्याचे बरे न साहणे. ही ‘आमै’ घरात शिरली की घर बुडते, बिचाऱ्या जनावराचा काही दोष नाही. उलगडा सुरेख आहे, आणि म्हणूनच थोडा संशयास्पद. म्हणीला लाज वाटू नये म्हणून कोणी पंडिताने नंतर शिवलेले ठिगळ असावे, असे वाटते. तिसरी शक्यता अगदी साधी आहे. आमै आणि अमीना हे शब्द कानाला जुळतात, एवढेच.

मराठी घरात नेमके उलटे. तिथे पितळेचे कासव पाण्याच्या ताटलीत मुद्दाम ठेवतात, महादेवाच्या देवळात नंदीजवळ दगडी कासवाला हात लावूनच पुढे जातात. भोसल्यांनी तंजावरवर १६७५ पासून १८५५ पर्यंत राज्य केले. त्यांच्याबरोबर गेलेल्या मराठी घरांनी कोणते कासव मानले असेल, ताटलीतले की म्हणीतले? शिवाय त्या घरांबरोबर संतांचीही कासवी गेली असणार. ही कासवी पैलतीरावर राहते, पिल्ले ऐलतीरावर. ती त्यांना दूध पाजत नाही, पंखाखाली घेत नाही, नुसत्या नजरेने वाढवते. गुरुकृपेसाठी याहून नेमका दृष्टान्त सापडणे कठीण, आणि समुद्री कासवाच्या बाबतीत याहून चुकीचाही. रिडलेची मादी पिल्लांकडे कधी पाहतच नाही. मात्र दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांत एका मोठ्या कासवाच्या माद्या पिल्ले निघण्याच्या सुमारास काठाजवळ थांबतात आणि पाण्याखाली आवाज देऊन त्यांना सोबत नेतात, असे गेल्या काही वर्षांत आढळले आहे. म्हणजे संतांचे अगदीच चुकले होते असेही म्हणवत नाही.

किनाऱ्यावर नजर ठेवतात ते स्वयंसेवक. रिडलेचा माग पावलागणिक एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे उमटतो. तो जिथे विस्कटतो तिथे काठी हलकेच टोचत जायचे. वाळू एकदम मऊ लागली की खाली घरटे. अंडी पहिल्या काही तासांतच हलवावी लागतात आणि तीही न उलटवता, कारण पुढे गर्भ कवचाला चिकटतो आणि हिसक्याने मरतो. ती पिशवीतून बेझंट नगरला अंडी राखण्यासाठी घातलेल्या कुंपणात नेतात, हाताने तसाच मडक्यासारखा खड्डा करून पुरतात. वहीत तारीख, वेळ, जागा, अंड्यांचा आकडा. हे चित्र नीट पाहिले तर त्यात अमीनाच दिसतो: रात्री येणारा, मोजणारा, उचलून नेणारा. कुत्री, माणसांची वर्दळ आणि पिल्लांना समुद्राऐवजी रस्त्याकडे ओढणारे दिवे, यांमुळे ही जप्ती करावी लागते. पण वाळूच्या उबेवर पिल्लू नर की मादी हे ठरते, साधारण एकोणतीस अंशांच्या वर माद्या वाढतात; कुंपणातली ऊब मूळ जागेसारखीच असते असे नाही. शक्य तिथे घरटे जागेवरच राहू द्यावे, असे जाणकार सांगतात. चेन्नईत तशी जागा किती उरली, हा प्रश्न वेगळा.

रात्रीची राखण दुसरीकडेही होते. इंग्लंडमध्ये बॅजर या बिळात राहणाऱ्या निशाचरासाठी गावोगावचे स्वयंसेवक संध्याकाळी वाऱ्याची दिशा पाहून बसतात; १९९२चा कायदा त्या बिळालाही संरक्षण देतो. एकच बीळ बॅजरच्या पिढ्या वापरतात, त्यामुळे राखणदाराला आपले जनावर ओळखता येते. चेन्नईच्या चालणाऱ्याला ओळखीची असते ती फक्त माग उमटलेली वाळू. आणि मेलेली कासवे. २०२५च्या जानेवारीत चेन्नई आणि आसपासच्या किनाऱ्यांवर हजाराहून अधिक मृत रिडले लागली. ट्रॉलरच्या जाळ्यात अडकलेल्या कासवाला श्वासासाठी वर येता येत नाही. तो आकडाही त्याच वह्यांत जातो.

कोकणात चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये वेळासला हेच काम सुरू केले, आणि तिथे पिल्ले सोडण्याचा पुढे उत्सवच झाला. पिल्लू मोठे होऊन जन्मकिनाऱ्यावर परतते, असे प्रत्येक उत्सवात सांगतात. २०२१ मध्ये ओडिशात एका मादीच्या वल्ह्याला ०३२३३ क्रमांकाचा बिल्ला लावला होता. ती २०२५च्या जानेवारीत गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. पूर्वेची की पश्चिमेची, ते तिचे तिलाच ठाऊक. पिल्लांना असा बिल्ला लावता येत नाही, ती फार लहान असतात. हजारातले एखादे जगते, असा अंदाज सांगतात. वयात यायला दहा-पंधरा वर्षे लागतात. १९८८ नंतर बेझंट नगरहून सोडलेल्यांपैकी कोण परतले, कोण नाही, हे वहीतून निघत नाही.

हंगाम संपला की कुंपण काढतात. पुढच्या डिसेंबरअखेर बांबू पुन्हा रोवायचे, शक्यतो थोडे बाजूला, कारण तीच ती वाळू वापरली तर तिच्यात बुरशी धरते.