पॅरोलवरचा माणूस

परवा डॉक्टरांनी माझा रिपोर्ट आधी चष्म्यावरून पाहिला, मग चष्म्यातून पाहिला आणि म्हणाले, "अभिनंदन! तुमचा मधुमेह रेमिशनमध्ये गेलाय."

पुढेही ते बरंच काही बोलले; पण माझं लक्ष 'अभिनंदन'पाशीच थांबलं होतं. दीड वर्ष पहाटे गोगाबाबा टेकडी चढून आणि ताटातला भात चमच्याने मोजून मी चौदा किलो उतरवले होते. तेव्हा दवाखान्यातून निघालो तो तडक गुलमंडीवर! उधारी थकलेल्याने वाण्याचं दुकान चुकवावं, तशी जी इमरती इतके दिवस चुकवली, ती अर्धा किलो बांधून घेतली.

घरी सौभाग्यवतींनी आधी पुडा पाहिला, मग मला.

"म्हणजे रोग बरा झाला का?"

मी उत्तराची जुळवाजुळव करतोय तोच शेजारचे नाना आले. नानांची उभी हयात हर्सूलच्या कारागृहात गेली. म्हणजे कारकुनीत!

"रेमिशन?" नाना म्हणाले, "म्हणजे माफी. वर्तणूक चांगली की शिक्षेचे दिवस कमी. सुटला तो सुटला, पुन्हा हजेरी नाही. डॉक्टर नेमकं काय म्हणाले?"

आता मला आठवावंच लागलं. गेल्या तीन महिन्यांची साखर चव्हाट्यावर मांडणारी ती एचबीए१सीची तपासणी. औषधं बंद होऊन निदान तीन महिने झाल्यावरही ती साडेसहा टक्क्यांखाली असली, तर त्याला रेमिशन म्हणायचं, असं अमेरिका-युरोपातल्या तज्ज्ञांनी २०२१ साली ठरवलंय. पण वजन वाढलं की साखर परत येऊ शकते. म्हणून रक्त वर्षातून एकदा तरी तपासायचं. डोळे, पाय, मूत्रपिंडं यांच्या तपासण्याही चालूच. विलायतेतल्या एका मोठ्या प्रयोगात वजन उतरवण्याचा कार्यक्रम घेतलेल्यांपैकी वर्षअखेर जवळजवळ निम्मे औषधांवाचून सुटले होते. दुसऱ्या वर्षाअखेर शंभरातले छत्तीसच बाहेर.

"बाकीचे परत आत!" नाना गरजले. "अहो, ही माफी नव्हे, हा पॅरोल! खुशाल हिंडा, पण ठाण्यात हजेरी लावा."

मी हसलो. पण सौभाग्यवती हसल्या नाहीत. भिंतीवरच्या आईच्या फोटोकडे पाहत होत्या. याच रोगाने आईची दृष्टी गेली. शेवटची दोन वर्षं ती मला पावलांच्या आवाजावरून ओळखायची. "आलास का रे?" म्हणायची, आणि मी समोरच उभा असायचो.

"डोळे कधी दाखवायचेत?" सौभाग्यवतींनी विचारलं.

"पुढच्या महिन्यात बघू..."

पुडा कपाटात गेला.

"सोमवारी!" मी म्हणालो.

पुडा बाहेर आला. बराचसा नानांच्या घरी रवाना झाला आणि माझ्या बशीत अर्धी इमरती पडली. ती मी पाऊण तास पुरवून खाल्ली. नाना म्हणाले, हर्सूलला सणाचं गोड कैदी असंच खात.