भांडे कोणाच्या मापाचे?

शेजारून आलेले भांडे रिकामे परत पाठवू नये, ही रीत आपल्या जुन्या घरांनी परमुलखातही जपली. संगणकाकडून गणिते करवून घेण्यात माझी बरीच वर्षे गेली. तेथेही देण्याघेण्याचा खरा प्रश्न भांड्याचाच असतो.

फंक्शन म्हणजे आज्ञावलीतला कामकरी. त्याला काही सोपवावे, त्याने फळ परत आणावे. जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयबीएममध्ये घडवलेली फोरट्रान भाषा १९५७ साली वापरात आली. तिच्या १९७७च्या रूपात फंक्शन एकच मूल्य परत आणू शके. एखाद्या गावाचा १२ महिन्यांचा पाऊस हवा असला, तर १२ खणांचा ॲरे मागणाऱ्यानेच आधी मांडून सबरूटीनच्या हाती द्यावा लागे. फोरट्रान ९० मध्ये ही अडचण सरली. फंक्शन अख्खा ॲरे परत आणू लागले.

स्ट्रिंगचे, म्हणजे अक्षरमालेचे, दुखणे अधिक सूक्ष्म. तिची लांबी आधीच ठरवावी लागे. लांबी १० ठरवली आणि नाव लहान निघाले, तर उरलेल्या जागा कोऱ्या राहत. मोठे निघाले, तर शेपूट निमूट कापले जाई. कापल्याची सूचनाही मिळत नसे.

पावसाच्या नोंदींच्या एका जुन्या आज्ञावलीत गावांची नावे मराठीत घालण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा हे मनाला लागले. आमच्या इंदूरचे नाव रोमन लिपीत ६ बाइटांत मावते. देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला यूटीएफ-८ पद्धतीत ३ बाइट लागतात. ‘इंदूर’ची चिन्हे ५, म्हणजे १५ बाइट. १० बाइटांच्या जागेतून बाहेर आले ते ‘इंद’ आणि पुढे एक निरर्थक डाग! दोन शतकांहून अधिक काळ मराठी बोलणाऱ्या गावाचे नाव मराठीतच अपुरे राहावे, हे सोसवेना.

फोरट्रान २००३ मध्ये लांबी आधी न बांधता, जेवढे नाव तेवढी जागा घेण्याची सोय आहे. फंक्शन त्या रीतीने पुन्हा लिहिले आणि ‘इंदूर’ सबंध उमटले. आता निरीक्षकांच्या रकान्यात कोणी सहस्रबुद्धे आले, तरी त्यांना त्यांचे ३३ बाइट न मागता मिळतील.